शय्येकडून रुग्णाकडे : ब्रिटनमधील वार्धक्यचिकित्सेचा उदय आणि व्यावसायिक सहकार्याची परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

रुग्णाची चिकित्सा हे एकट्या वैद्याचे काम नव्हे, हा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद चरकसंहितेत मानलेले आहेत. त्यांपैकी एक पाद दुबळा असला तरी चिकित्सा लंगडी पडते, हा त्या कल्पनेचा आशय उघड आहे. तथापि चार पाद असणे ही एक गोष्ट आणि ते एका दिशेने पडणे ही दुसरी. आधुनिक काळात परिचारकाच्या एका पादातून अनेक स्वतंत्र व्यवसाय निर्माण झाले, प्रत्येकाचे शिक्षण वेगळे झाले, प्रत्येकाची नोंदवही वेगळी झाली, आणि चालीतील हा मेळ साधणे पूर्वीपेक्षा अधिक कठीण होऊन बसले.

ही अडचण सर्वांत तीव्रतेने जाणवते ती वृद्ध रुग्णाच्या बाबतीत. तरुण माणसाचा हात मोडला तर तो जोडणारा शल्यवैद्य पुरेसा असतो. ऐंशी वर्षांची स्त्री घरात पडून तिचे मांडीचे हाड खुब्यापाशी मोडते, तेव्हा प्रश्न केवळ हाडाचा राहत नाही. ती का पडली, तिचे हृदय शस्त्रक्रिया सोसेल काय, तिला रात्री भ्रम का होतो, ती पुन्हा उभी कशी राहील, आणि उभी राहिली तरी तिसऱ्या मजल्यावरील एकटीच्या घरात तिने परतावे कसे, हे सर्व प्रश्न एकदमच उपस्थित होतात. त्यांची उत्तरे एका व्यवसायाजवळ नसतात, आणि एका उत्तरातील चूक उरलेली सर्व उत्तरे निष्फळ करते.

अशा रुग्णासाठी निरनिराळ्या व्यवसायांनी एकत्र बसून विचार करावा, ही आज स्वाभाविक वाटणारी व्यवस्था प्रत्यक्षात अगदी अर्वाचीन आहे. तिची जडणघडण मुख्यतः ब्रिटनमध्ये, इ. स. १९३५ ते १९६५ ह्या तीन दशकांत झाली. ह्या इतिहासाकडे सामान्यतः वैद्यकाच्या एका शाखेचा इतिहास म्हणून पाहिले जाते. परंतु तो शब्दांचाही इतिहास आहे. ज्या शब्दांनी वृद्ध रुग्णाविषयीची चौकशी थांबत होती ते शब्द मागे पडले आणि ज्यांनी ती सुरू होऊ शकली ते शब्द पुढे आले, तेव्हाच सहकार्याला विषय मिळाला, असे ह्या इतिहासावरून दिसते.

२. ‘जरा’ आणि ‘जेरिअ‍ॅट्रिक्स’

वार्धक्यचिकित्सेचे इंग्रजी नाव ‘जेरिअ‍ॅट्रिक्स’ हे इग्नात्झ नॅशर ह्या वैद्याने इ. स. १९०९ मध्ये न्यूयॉर्क येथे घडविले. नॅशर हा जन्माने व्हिएन्नाचा. ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ म्हणजे बालचिकित्सा ह्या रूढ शब्दाच्या धर्तीवर त्याने वार्धक्यवाचक ग्रीक ‘गेरास’ आणि वैद्यवाचक ‘इआत्रोस’ ह्यांच्या कुळातील पदे जोडून हा शब्द सिद्ध केला, पुढे इ. स. १९१४ मध्ये ह्याच नावाने त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रीक ‘गेरास’ व ‘गेरॉन’ हे शब्द आणि संस्कृत ‘जरा’ व ‘जरत्’ हे एकाच धातुकुळातील होत. योगायोग असा की, वाग्भटाने आयुर्वेदाची जी आठ अंगे गणली आहेत त्यांत ‘बाल’ आणि ‘जरा’ ही दोन्ही आहेत. नॅशरने ज्या जोडीचा आधार घेतला ती जोडी संस्कृत वैद्यकाला शतकानुशतके ठाऊक होती.

नॅशरच्या शब्दामागील युक्तिवाद महत्त्वाचा आहे. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे वैद्यकाने मान्य केले होते. त्याच न्यायाने वृद्ध म्हणजे झिजलेला प्रौढ नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. वार्धक्य ही आयुष्याची एक अवस्था आहे आणि तिच्यात होणारे रोग त्या अवस्थेहून भिन्न आहेत. विद्यार्थिदशेत एका वृद्धेच्या दुखण्याचे कारण विचारले असता ‘म्हातारपण’ एवढेच उत्तर मिळाल्याची आठवण त्याने सांगितली आहे. हे उत्तर निदानासारखे दिसते. वस्तुतः ते निदानाचा नकार असते. ज्याला नाव ‘म्हातारपण’ त्याला औषध नाही. औषध नाही म्हणून वैद्य नको. आणि वैद्य नको तेथे इतर तज्ज्ञांना बोलावण्याचा प्रश्नच उरत नाही.

वार्धक्यवाचक शब्दांची अशी घसरण अनेक भाषांत आढळते. लॅटिन ‘सेनेक्स’ ह्या वृद्धवाचक शब्दापासून रोमच्या सर्वश्रेष्ठ सभेचे ‘सेनेट’ हे नाव आले आणि त्याच शब्दापासून बुद्धिभ्रंशाचे सूचक ‘सीनाइल’ हे विशेषणही आले. मराठी ‘म्हातारा’ ह्या शब्दाचे मूळ ‘महत्तर’ ह्या संस्कृत शब्दात सांगितले जाते. म्हणजे तोही एके काळी मोठेपणाचाच वाचक होता. शब्द मानाकडून क्षीणतेकडे सरकला की त्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाकडे पाहण्याची दृष्टीही त्याबरोबर सरकते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील संस्थांत ह्याचे ठसठशीत उदाहरण पाहावयास मिळत होते.

३. वर्कहाउसचा वारसा

इ. स. १८३४ च्या दरिद्रविषयक कायद्याने इंग्लंडमध्ये ‘वर्कहाउस’ ही संस्था दृढमूल केली. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये यावे, आणि तेथील जीवन बाहेरील कष्टकऱ्याच्या जीवनाहून अधिक आकर्षक असता कामा नये, असे तिचे तत्त्व होते. धडधाकट परंतु बेकार माणसाला धाक बसावा म्हणून योजलेली ही व्यवस्था कालांतराने प्रामुख्याने वृद्ध, पंगू आणि निराश्रित ह्यांनीच भरून गेली. तिला जोडून ‘इन्फर्मरी’ नावाची रुग्णालये निघाली. ऐच्छिक देणग्यांवर चालणारी नामांकित रुग्णालये बरे होण्याजोगे रुग्ण घेत. जे लवकर बरे होणार नाहीत असे वाटे, त्यांची रवानगी इन्फर्मरीत होई.

इ. स. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजूंना निवृत्तिवेतन मिळू लागले व काहींचा वर्कहाउसचा रस्ता चुकला. परंतु जे आजारी होते त्यांची सुटका निवृत्तिवेतनाने झाली नाही. पुढे इ. स. १९२९ च्या स्थानिक शासनविषयक कायद्याने दरिद्रसंरक्षक मंडळे रद्द होऊन त्यांच्या इन्फर्मऱ्या काउंटी मंडळांकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. इमारती तशाच राहिल्या, मालक बदलले. मात्र ह्या बदलामुळेच सामान्य रुग्णालयातील वैद्य आणि वर्कहाउसमधील वृद्ध प्रथमच एका प्रशासनाखाली आले.

ह्या रुग्णांचे प्रशासकीय नाव ‘क्रॉनिक सिक’, म्हणजे जुनाट रोगी, असे होते. ह्या नावात रोग कोणता हे सांगितलेले नाही. केवळ तो किती काळ चालला आहे एवढेच सांगितले आहे. पक्षाघाताने एक बाजू गेलेला, सांध्यांनी आखडलेला, हृदयरोगाने थकलेला आणि केवळ कोणी उठविले नाही म्हणून अंथरुणात राहिलेला, असे चौघेही ह्या एका नावाखाली शेजारी शेजारी निजत.

४. आयलवर्थ येथील प्रयोग

मार्जरी वॉरेन (१८९७–१९६०) ह्या लंडन येथे शिकलेल्या वैद्य इ. स. १९२६ मध्ये आयलवर्थ येथील इन्फर्मरीत रुजू झाल्या. त्यांचा ओढा शल्यचिकित्सेकडे होता. इ. स. १९३५ मध्ये ह्या संस्थेने, म्हणजे वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने, लगतचे वर्कहाउस आपल्या ताब्यात घेतले आणि तेथील रुग्णांची जबाबदारी वॉरेन ह्यांच्याकडे आली. प्रसूतीच्या व मानसिक निरीक्षणाखालील रुग्णांना वगळल्यावर त्यांच्या वाट्याला ७१४ जुनाट रोगी आले.

त्यांनी केलेले पहिले काम वरकरणी अगदी साधे होते. त्यांनी प्रत्येक रुग्णाची तपासणी केली. वर्षानुवर्षे अंथरुणावर असलेल्या ह्या माणसांपैकी अनेकांचे नीट निदानच कधी झालेले नव्हते. ह्या तपासणीतून वॉरेन ह्यांनी रुग्णांचे पाच वर्ग केले : उठून हिंडू-फिरू शकणारे, अंथरुणाला खिळलेले परंतु मलमूत्रावर नियंत्रण असलेले, तसे नियंत्रण नसलेले, वार्धक्यामुळे गोंधळलेले परंतु शांत, आणि बुद्धिभ्रंशामुळे इतरांपासून वेगळे ठेवणे आवश्यक असलेले.

हे वर्गीकरण आज स्थूल वाटेल. परंतु त्याचे तत्त्व पाहिले पाहिजे. ‘क्रॉनिक सिक’ ह्या नावाचा पाया काळ हा होता. वॉरेन ह्यांच्या वर्गीकरणाचा पाया रुग्णाला काय करता येते हा होता. रोग जुना आहे असे म्हटल्याने कोणालाही काही करावयाचे उरत नाही. रुग्णाला उठता येत नाही असे म्हटले की, का उठता येत नाही हे वैद्याने पाहावयाचे असते, स्नायू व सांधे भौतिकोपचारतज्ज्ञाने पाहावयाचे असतात, खुर्ची किती उंच हवी हे व्यवसायोपचारतज्ज्ञाने ठरवावयाचे असते, आणि दर दोन तासांनी त्याला उभे कोणी करावयाचे ही गोष्ट परिचारिकेची असते. वर्णनाचा शब्द बदलताच त्यातून कामांची वाटणी आपोआप निघते.

वॉरेन ह्यांनी कक्षांचे रूपही पालटले. भिंतींना उजळ रंग आला, प्रकाश वाढला, भिंतीलगत धरावयाचे कठडे आणि वृद्धांना उठण्या-बसण्यास सोयीच्या खुर्च्या आल्या. पक्षाघाताच्या व पाय कापलेल्या रुग्णांना पुन्हा चालविण्यावर त्यांचा विशेष भर होता. पुष्कळ रुग्ण घरी परतले, काही वृद्धनिवासात गेले. कालांतराने दीर्घरोग्यांच्या शय्यांची संख्या २४० वर आली, त्या शय्यांवरील रुग्णांची ये-जा तिपटीने वाढली, आणि मोकळ्या झालेल्या शय्या क्षयरोग्यांसाठी देता आल्या.

डिसेंबर १९४३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ ह्या नियतकालिकात आणि इ. स. १९४६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वॉरेन ह्यांनी आपली भूमिका मांडली. दीर्घरोगी वृद्धांची व्यवस्था गावाबाहेर वेगळी न करता सामान्य रुग्णालयातच त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग असावा, आणि वैद्यकीय विद्यार्थी व परिचारिका ह्यांचे शिक्षण तेथे व्हावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. ह्या मागणीतच सहकार्याची पूर्वअट आहे. क्ष-किरण, प्रयोगशाळा, शल्यवैद्य, भौतिकोपचार हे सर्व जेथे आहे तेथेच वृद्ध असला पाहिजे. अन्यथा सहकार्य ही केवळ पत्रव्यवहाराची बाब उरते.

५. युद्ध, शय्या आणि सद्भावना

हा इतिहास एकट्या व्यक्तीच्या करुणेचा इतिहास म्हणून सांगणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हवाई हल्ल्यांतील जखमींसाठी जागा हवी म्हणून ब्रिटनमधील रुग्णालयांतून एक लाखाहून अधिक रुग्ण अल्पावधीत बाहेर काढण्यात आले, आणि त्यांत दीर्घरोगी वृद्ध बहुसंख्य होते. युद्धकाळात झालेल्या रुग्णालयांच्या पाहणीत इन्फर्मऱ्यांची दैना प्रथमच शासनाच्या डोळ्यांपुढे सविस्तर आली. शय्या हे दुर्मीळ धन ठरले होते, आणि वृद्ध हे धन अडवून बसले आहेत, असा हिशेब मांडला जाऊ लागला.

येथे एका शब्दप्रयोगाकडे लक्ष द्यावे लागते. रुग्णालयाच्या भाषेत ‘शय्या’ म्हणजे रुग्ण. ‘सात नंबरला जेवण द्या’ असे जेव्हा म्हणतात तेव्हा जेवण खाटेला द्यावयाचे नसते. संस्कृत शास्त्रकारांनी लक्षणेच्या विवेचनात मंच ओरडत असल्याचे जे प्रसिद्ध उदाहरण दिले आहे, त्यात मंच ह्या शब्दाने मंचावरील माणसे अभिप्रेत असतात. रुग्णालयातील लक्षणा नेमकी उलट दिशेने चालते : बोलताना माणूस अभिप्रेत असतो, पण हिशेबात खाटच उरते. पुढील काळात इंग्रजीत रूढ झालेला ‘बेड-ब्लॉकर’, म्हणजे खाट अडवून ठेवणारा, हा शब्द ह्या लक्षणेची परिणती होय. ज्याला घरी नेण्याची व्यवस्था इतरांनी केलेली नाही, त्यालाच ह्या शब्दाने अपराधी ठरविले.

तथापि हेही मान्य केले पाहिजे की, शय्यांच्या हिशेबानेच नव्या चिकित्सेला शासनाचे कान मिळवून दिले. वृद्धाला उठविणे हे त्याच्या हिताचे होते आणि खाट मोकळी होणे हे कोषागाराच्या हिताचे होते. इ. स. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर ह्या वैद्याने अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांविषयी लिहिलेला लेख गाजला. शिरांतील रक्त साकळणे, शय्याव्रण, स्नायूंची झीज, सांध्यांचे आखडणे, हाडांतील चुना कमी होणे आणि मनाचे खचणे हे सर्व विश्रांतीचेच परिणाम असल्याचे त्याने दाखविले. शतकानुशतके उपचार मानली गेलेली खाट आता रोगाचे कारण म्हणून ओळखली जाऊ लागली.

ह्याच सुमारास इतरत्रही प्रयोग चालू होते. एसेक्समधील ऑर्सेट येथे लायनेल कॉसिन ह्या शल्यवैद्याने मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांवर शस्त्रक्रिया करून त्यांना लवकर चालते करण्याचा क्रम आखला. कार्शल्टन येथे एरिक ब्रुक हे प्रतीक्षायादीतील रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन पाहू लागले. घरी जाऊन पाहिल्यावर रुग्णालयाची गरज नसलेले आणि तातडीने असलेले असे दोन्ही प्रकारचे रुग्ण निवडता येऊ लागले. इ. स. १९४७ मध्ये ट्रेव्हर हॉवेल ह्यांच्या पुढाकाराने ह्या क्षेत्रातील थोडे वैद्य एकत्र आले व एक मंडळ स्थापन झाले. लॉर्ड आमुलरी त्याचे पहिले अध्यक्ष होते. इ. स. १९५९ मध्ये ह्याच मंडळाने ‘ब्रिटिश जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी’ हे नाव धारण केले. नॅशरचा शब्द अमेरिकेत जन्मला खरा. पण तो संस्थेत रुजला ब्रिटनमध्ये.

६. निरनिराळ्या वंशांचे व्यवसाय

रुग्णाभोवती जे व्यवसाय एकत्र आले त्यांची कुळे वेगवेगळी होती. घरोघर जाणाऱ्या परिचारिकेची परंपरा इ. स. १८५९ मध्ये लिव्हरपूल येथे विल्यम रॅथबोन ह्या व्यापाऱ्याच्या दातृत्वातून सुरू झाली. रुग्णालयातील समाजसेविका म्हणजे ‘आल्मोनर’. पहिली आल्मोनर लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात इ. स. १८९५ मध्ये नेमली गेली, ती मुख्यतः फुकट औषधास कोण पात्र आहे हे तपासण्यासाठी. भौतिकोपचाराची संघटना इ. स. १८९४ मध्ये मर्दनकला शिकलेल्या स्त्रियांनी आपल्या धंद्याची प्रतिष्ठा राखण्यासाठी काढली. व्यवसायोपचाराची ब्रिटनमधील पहिली शाळा एलिझाबेथ कॅसन ह्यांनी इ. स. १९३० मध्ये ब्रिस्टल येथे उघडली, आणि तिचा आरंभ मानसोपचाराच्या अंगाने झाला.

म्हणजे एक व्यवसाय दातृत्वातून आला, दुसरा काटकसरीतून, तिसरा प्रतिष्ठेच्या रक्षणातून आणि चौथा मनोरुग्णालयातून. त्यांना वृद्धाच्या शय्येभोवती एकत्र आणणारे समान शास्त्र नव्हते. समान होती ती केवळ एक गरज. रुग्णाने अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून शौचालयापर्यंत आणि तेथून आपल्या घरापर्यंत जाणे, ह्या एका क्रमाने त्यांचे काम जोडले गेले. भौतिकोपचारतज्ज्ञाने सकाळी चालविलेल्या रुग्णाला दिवसभर कोणी उठविलेच नाही, तर सकाळचे श्रम फुकट जातात. घरात किती पायऱ्या आहेत हे आल्मोनरने सांगितले नाही, तर जिने चढण्याचा सराव द्यावयास हवा हेही कोणाच्या लक्षात येत नाही. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करण्याची जी पद्धत वार्धक्यचिकित्सेच्या विभागांत रूढ झाली, तिचे मूळ ह्या परस्परावलंबनात आहे.

ह्या बैठकीत सर्वांचा दर्जा समान होता असे मात्र म्हणता येणार नाही. अग्रस्थान वैद्याचेच होते, आणि रुग्णाचे स्वतःचे म्हणणे तेथे कितपत पोहोचत होते हा प्रश्न वेगळाच. चरकाच्या चार पादांतील चौथा पाद, म्हणजे रुग्ण, ह्या नव्या मंडळात सर्वांत उशिरा प्रवेश पावला.

७. समान परिभाषेचा शोध

निरनिराळ्या व्यवसायांनी एकत्र बसावे एवढ्याने ते एकमेकांशी बोलू लागतात असे नाही. ‘रुग्ण बरा आहे’ ह्या वाक्याचा अर्थ वैद्याच्या दृष्टीने ताप उतरला असा होईल, परिचारिकेच्या दृष्टीने रात्री झोपला असा होईल, आणि समाजसेविकेच्या दृष्टीने घरी जाण्याजोगा झाला असा होईल. इ. स. १९६० च्या आगेमागे ह्या संदिग्धतेवर उपाय म्हणून मोजपट्ट्या निर्माण झाल्या. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख तांत्रिक साधने म्हणून होतो. पण त्यांचे खरे कार्य भाषिक आहे.

लंडन येथे डोरीन नॉर्टन ह्या परिचारिकेने मॅक्लारेन आणि वैद्य एक्स्टन-स्मिथ ह्यांच्यासह रुग्णालयातील वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून इ. स. १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. शारीरिक स्थिती, मनःस्थिती, हिंडणे-फिरणे, अवयवांची हालचाल आणि मलमूत्राचे नियंत्रण ह्या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण द्यावयाचे. वीसपैकी चौदा वा त्याहून कमी गुण आले तर शय्याव्रणाचा धोका मानावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. व्रणांवर चोळल्या जाणाऱ्या नानाविध मलमांपेक्षा रुग्णाची कूस वेळोवेळी बदलणे हेच खरे प्रतिबंधक आहे, हेही ह्या अभ्यासाने दाखविले. परिचारिका रोज जे डोळ्यांनी पाहत होती आणि ‘लक्षण बरे नाही’ अशा अस्फुट शब्दांत सांगत होती, ते तिला आता वैद्यापुढे आकड्यांत मांडता आले.

अमेरिकेत इ. स. १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनी स्नान, वस्त्रधारण, शौचालयात जाणे, खाटेवरून खुर्चीत जाणे, मलमूत्राचे नियंत्रण आणि जेवणे ह्या सहा दैनंदिन क्रियांची मोजणी मांडली. आजारातून उठणारा वृद्ध ह्या क्रिया ज्या क्रमाने परत मिळवितो तो क्रम बालकाच्या वाढीच्या क्रमाशी जुळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हातारपण हे दुसरे बालपण, ह्या लोकसमजुतीला येथे अनपेक्षित वळण मिळते. लोकसमजूत क्षयाकडे पाहते. कॅट्झचे निरीक्षण पुन्हा मिळविण्याकडे पाहते. पुढे इ. स. १९६५ मध्ये मेरीलंड येथील वैद्य फ्लॉरेन्स महोनी आणि भौतिकोपचारतज्ज्ञ डोरोथिया बार्थेल ह्यांनी दहा क्रियांचा, शंभर गुणांचा निर्देशांक प्रसिद्ध केला. तो बार्थेलच्या नावाने ओळखला जातो. इ. स. १९९२ मध्ये लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स व ब्रिटिश जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी ह्यांनी वृद्धांच्या मूल्यमापनासाठी त्याच्या वापराची शिफारस केली.

नॉर्टन आणि बार्थेल ह्या दोघीही वैद्य नव्हत्या, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. समान परिभाषेचे शब्द ज्यांचा रुग्णाशी हाताने संबंध येत होता त्यांच्याकडून आले. ह्या परिभाषेला मर्यादाही आहे. बार्थेलचे शंभर गुण मिळविणारा मनुष्य एकाकी असू शकतो आणि चाळीस गुणांचा मनुष्य आपल्या घरी समाधानी असू शकतो. आकडा हा संवादाचा आरंभ होय. त्याला शेवट मानले तर ‘क्रॉनिक सिक’ ह्या नावाने जे केले तेच आकडा करील.

८. भिंतीच्या पलीकडे

रुग्णालयाच्या आत जे साधले ते बाहेर साधले नाही. दि. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा तिचे तीन भाग होते. रुग्णालये प्रादेशिक मंडळांकडे, घरगुती वैद्य वेगळ्या समित्यांकडे, आणि घरी जाणाऱ्या परिचारिका व गृहसाहाय्यिका स्थानिक शासनाकडे अशी वाटणी झाली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने वृद्धांच्या निवासाची जबाबदारी स्थानिक शासनावर टाकली. म्हणजे ज्या वृद्धेला ह्या सर्वांची एकाच आठवड्यात गरज होती, तिच्यासाठी कोषही वेगळे आणि वरिष्ठही वेगळे झाले. ती ‘आजारी’ आहे की ‘केवळ अशक्त’, ह्या शब्दांच्या वादावर तिचा खर्च कोणी करावयाचा हे अवलंबून राहिले.

ह्याच वर्षी जोसेफ शेल्डन ह्यांनी वुल्व्हरहॅम्प्टन शहरातील वृद्धांच्या घरोघर केलेल्या पाहणीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बहुतेक वृद्ध संस्थांत नसून घरी आहेत, आणि त्यांच्या शुश्रूषेचा भार मुली-सुना उचलीत आहेत, हे त्याने दाखवून दिले. कोणत्याही व्यावसायिक मंडळाच्या बैठकीला ह्या मुली-सुना हजर नव्हत्या. पण त्यांच्यावाचून एकही योजना उभी राहत नव्हती. पीटर टाउनसेंड ह्यांनी १७३ निवासांना भेटी देऊन इ. स. १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तर, कायदा होऊन चौदा वर्षे लोटली तरी अनेक वृद्ध जुन्या वर्कहाउसच्याच इमारतींत राहत असल्याचे आढळले.

भिंत ओलांडण्याचे काही प्रयत्न निश्चितच झाले. ग्लासगोजवळील रदरग्लेन येथे इ. स. १९५२ मध्ये फर्ग्युसन अँडरसन व नेर्न कोवन ह्यांनी घरगुती वैद्यांच्या सहकार्याने वृद्धांसाठी सल्लाकेंद्र उघडले. अँडरसन हे इ. स. १९६५ मध्ये वार्धक्यचिकित्सेचे जगातील पहिले प्राध्यापक झाले. ऑक्सफर्डच्या कौली रोड रुग्णालयात कॉसिन ह्यांनी दिवसापुरते येऊन संध्याकाळी घरी परतण्याची सोय असलेले ‘डे हॉस्पिटल’ इ. स. १९५८ मध्ये खास इमारतीत सुरू केले. हेस्टिंग्ज येथे अस्थिशल्यवैद्य मायकेल डेव्हास आणि वार्धक्यचिकित्सक बॉबी अर्व्हाइन ह्यांनी हाड मोडलेल्या वृद्धांची संयुक्त व्यवस्था उभारली. ब्रिटनमध्ये हाच विचार पुढे राष्ट्रीय पातळीवर गेला. इ. स. २००७ मध्ये अशा अस्थिभंगांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, आणि इ. स. २०१० पासून शल्यवैद्य व वार्धक्यचिकित्सक ह्यांनी मिळून ठरावीक निकषांनुसार उपचार केल्यास रुग्णालयाला अधिक मोबदला मिळू लागला. सहकार्य हे सद्‌गुणावर न सोडता हिशेबात बसविले गेले.

ह्या पद्धतीचा उपयोग किती, ह्याची कसोटी उशिरा लागली. कॅलिफोर्नियातील सेपुल्व्हेडा येथे लॉरेन्स रूबेनस्टाइन व सहकाऱ्यांनी १२३ वृद्ध रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून इ. स. १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुव्यावसायिक विभागातील गटात वर्षभरातील मृत्यू २३·८ टक्के, तर नेहमीच्या व्यवस्थेतील गटात ४८·३ टक्के होते. इतका मोठा फरक पुढील अभ्यासांत टिकला नाही. नऊ देशांतील २९ चाचण्या व १३,७६६ रुग्ण एकत्र घेऊन इ. स. २०१७ मध्ये झालेल्या परीक्षणात मृत्यूच्या प्रमाणात फरक जवळजवळ आढळला नाही; परंतु ह्या पद्धतीने तपासलेले वृद्ध पुढे तीन ते बारा महिन्यांनी जिवंत व आपल्या घरी असण्याचा संभव अधिक असल्याचे दिसले. मृत्यू टळत नसला तरी घर टिकते, असा ह्याचा अर्थ. ऐंशी वर्षांच्या माणसाला विचारले तर हा लाभ तो लहान मानील असे वाटत नाही.

९. मुंबईचा दुवा

ह्या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातही येऊन पोहोचतो. वृद्धाभोवती एकत्र यावयाच्या व्यवसायांपैकी काहींचा भारतातील आरंभ मुंबईतच झाला. इ. स. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या समाजकार्यसंस्थेच्या प्रभावातून इ. स. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. कमला निंबकर ह्यांनी इ. स. १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात भारतातील व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली, आणि काही वर्षांतच त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा निघाली. साहित्य जमले होते. परंतु ते वृद्धाभोवती एकत्र आणणारी शाखा मात्र दीर्घकाळ उभी राहिली नाही. वार्धक्यचिकित्सेतील पदव्युत्तर अभ्यासक्रम मद्रास येथे इ. स. १९९६ मध्ये सुरू झाला. इ. स. २०१०-११ मध्ये केंद्रशासनाने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तेव्हा प्रादेशिक केंद्रांच्या यादीत मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय ह्यांचा समावेश झाला. विलंबाचे कारण साधनांची टंचाई हे तर आहेच. पण वृद्धाची सर्व काळजी कुटुंब घेते, हे गृहीत धरण्याची सवय हेही एक कारण मानावे लागेल. ‘घरचे बघतील’ हे वाक्य ‘म्हातारपण आहे’ ह्या वाक्याप्रमाणेच चौकशी थांबविते.

१०. उपसंहार

ह्या सर्व विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सहकार्य हे निदानानंतर येते. ‘म्हातारपण’ हेच निदान मानले जात होते तोवर कितीही व्यवसाय अस्तित्वात असते तरी त्यांना एकत्र येण्यास विषय नव्हता. दुसरी, सहकार्याला समान भाषा लागते, आणि ती रुग्णाच्या रोगाची नव्हे तर त्याच्या क्रियांची भाषा असावी लागते. कारण रोगाचे नाव एका व्यवसायाचे असते, क्रिया सर्वांच्या असतात. तिसरी, एका कक्षात साधलेले सहकार्य प्रशासनाच्या भिंतीपाशी थांबते, जोपर्यंत ती भिंत बांधणारे शब्द तसेच राहतात. इ. स. १९४८ मध्ये पडलेली दरी बुजविण्यासाठी ब्रिटनमध्ये इ. स. १९७४, १९९० आणि २०२२ ह्या वर्षी पुन्हा पुन्हा फेररचना कराव्या लागल्या, हे ह्याचेच द्योतक होय.

मार्जरी वॉरेन इ. स. १९६० मध्ये जर्मनीतील एका परिषदेला मोटारीने जात असता फ्रान्समध्ये अपघात होऊन मरण पावल्या. त्यांनी मांडलेली मागणी एका वाक्यात सांगता येते : खाटेवरील माणसाला प्रथम तपासा. ७१४ माणसांच्या बाबतीत ते तोवर कोणी केले नव्हते. त्यांच्यापैकी किती जण उठू शकले असते आणि उठविले गेले नाहीत, ह्याची गणना कोणत्याही नोंदवहीत नाही. कारण त्या नोंदवहीत माणसांची नव्हे, खाटांची नोंद होती.